मदत हवी आहे: तिळारी धरणाआधीचा दोडामार्ग-रामघाट भागाचा एक इंची नकाशा

नमस्कार मंडळी,

जन्म लालबागचा, पण मूळ घर आयनोड्याचं. गाव तिळारीच्या जलाशयात गेलं. आजोबा सांगायचे, १९६१ पर्यंत फिरंग्याची, म्हणजे गोव्यातल्या पोर्तुगीजांची हद्द अगदी जवळ होती, आणि देवळामागून निघालेली पायवाट नदी ओलांडून वर रामघाटाच्या वाटेला लागायची. ती वाट मला कागदावर बघायचीय, बाकी काही नाही.

टेक्सास विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अमेरिकन लष्कराच्या यू५०२ मालिकेचं शीट मिळालं. पण ते १:२,५०,००० चं, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये अडीच किलोमीटर. पायवाट कुठली दिसणार! भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नव्या १:५०,००० शीटवर गावाच्या जागी निळं पाणी. म्हणजे हवं ते जुनं एक इंची (एका इंचाला एक मैल), १:६३,३६० चं. माझ्या हिशेबाने शीट क्रमांक ४८ आय/१, आणि दक्षिणेला ४८ आय/२.

एका ओळखीच्यांकडून आय/१ ची झेरॉक्स मिळाली होती. पण मूळ कागदाची घडी नेमकी नदीवरून गेलेली. तिथे बोटभर पांढरा पट्टा, आणि वाट त्यातच गडप. नशीब!

फोर्टातल्या एका खिडकीवर विचारलं, तर मान वर न करता उत्तर, "बॉर्डर, किनारा, रिस्ट्रिक्टेड." अहो, ती बॉर्डर जाऊन साठ वर्षं झाली! शिवाय फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशांचे नियम बरेच सैल केले ना? जुन्या आवृत्तीची प्रत मुंबईत रीतसर कुठे बघता येईल? आणि पोर्तुगीज बाजूला डोंगर, वाटा काढलेल्या असतात की नुसती हद्दरेषा?

प्रतिसाद १:
काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागार आहे, तिथे अर्ज करून बघा. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयातही विचारा. पण खरं सांगू? देवळामागची वाट टोपोशीटवर, म्हणजे सर्वेक्षण विभागाच्या अशा नकाशावर, असेलच असं नाही. गावनकाशावर सापडायची शक्यता जास्त. भूमी अभिलेख कार्यालयात आयनोड्याचा जुना गावनकाशा मागा, धरणाच्या भूसंपादनाच्या कागदांतही बघा.
आणि शीट मिळालंच, तर थेट जीपीएसच्या नकाशावर टाकू नका. जुनी शीटं एव्हरेस्ट डेटमवरची (डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा आधार), जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या डेटमवर. बदल न करता ठेवलंत तर वाट सरकलेली दिसेल.

धागाकर्ता:
गावनकाशाचं डोक्यातच आलं नव्हतं! गणपतीला गावाकडे जाणं होईल तेव्हा दोडामार्गला चौकशी करतो. तोवर कुणाकडे आय/१ असेल तर पूर्ण शीट नको, नदीच्या पट्ट्याचा सरळ वरून काढलेला फोटो पुरे.