न घातलेल्या बुटांची गोदामे : आपापले अनुभव लिहावेत

कृष्णाकाठ

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत आईने माळ्यावरून बुटांचा एक खोका खाली काढला आणि "हे तुझे कॅनडाचे बूट, एकदाही घातले नाहीस, निदान या सणाला तरी घाल," असे म्हणून माझ्यापुढे ठेवला. मी ते पायात चढवून अंगणात उतरलो. तुळशीपर्यंत पोहोचेतो डाव्या टाचेखालचा थर खारी बिस्किटासारखा फुटला आणि मागे वळून पाहिले तेव्हा फरशीवर काळ्या चुऱ्याची रांग उमटलेली होती. "वाळवी लागली की काय रे?" एवढेच आई म्हणाली आणि केरसुणी आणायला गेली.

हा जोड म्हणजे नायके कंपनीच्या १९८९ च्या एअर जॉर्डन ४ या बास्केटबॉलच्या बुटाची २०१२ मध्ये निघालेली नवी आवृत्ती. तो माझ्याकडे आला तो टोरंटोजवळच्या मिसिसागामधल्या एका गोदामातून, जिथे मी शिकत असताना २०२३ चे जवळजवळ पूर्ण वर्ष काम केले. परदेशी विद्यार्थ्यांवरची आठवड्याला २० तासांची मर्यादा कॅनडा सरकारने नोव्हेंबर २०२२ पासून एप्रिल २०२४ पर्यंत उठवलेली होती, त्यामुळे शेजारच्या ब्रॅम्प्टन शहरातल्या तळघरात राहणारी आम्ही पोरे मिळेल ती पाळी घेत असू. माझ्या वाट्याला आले ते बुटांच्या फेरविक्रीचे गोदाम. विक्रेता ॲपवर जोड आधी विकतो, मग आमच्याकडे पाठवतो. आम्ही तो उघडायचा, तपासणाऱ्याच्या टेबलावर न्यायचा, पास झाला की कंपनीचा बिल्ला अडकवून दुसऱ्या खोक्यात बंद करायचा आणि खऱ्या गिऱ्हाइकाकडे रवाना करायचा. एका पाळीत माझ्या हाताखालून शंभर-सव्वाशे जोड जात, आणि त्यांतला एकही जोड कधी रस्त्याला लागलेला नसे.

पहिल्याच दिवशी शिकवले गेले ते हे की बूट उचलताना पंज्यावर बोट दाबायचे नाही, कारण तिथे एक बारीक घडी पडली तरी जोड 'वापरलेला' ठरतो आणि त्याचा भाव पडतो. आतला पातळ कागदसुद्धा ज्या घडीत आला त्याच घडीत परत घालायचा. माझा जोड मला मिळाला तो खोक्यामुळे : झाकणाचा कोपरा फाटलेला होता, बूट कोरे असूनही तो नापास झाला, विक्रेत्याने परतीचा खर्च द्यायला नकार दिला आणि वर्षाअखेरीस तसा पडून राहिलेला माल कामगारांना स्वस्तात वाटला गेला. मी तो इतका जपला की सांगलीला आणल्यावरही पायात घातला नाही.

अशा गोदामांत, मग ती परदेशातली असोत वा आपल्याकडची, ज्यांनी काम केले असेल त्यांनी आपले अनुभव इथे लिहावेत अशी विनंती आहे.

अबोली_ठाणे

मी भिवंडीजवळ काल्हेरच्या एका गोदामात तीन वर्षे परत आलेल्या मालाच्या विभागात होते. आमच्याकडे नवे महागडे स्नीकर आणि फेरविक्रीचे जोड दोन्ही येत. ठाण्याहून शेअर रिक्षाने कशेळीचा पूल ओलांडून जावे लागे आणि पावसाळ्यात तो प्रवास कामापेक्षा दमवणारा असे.

परत येणाऱ्या मालाचे सर्वांत मोठे कारण खोटेपणा नसून मापे हे होते, यावर बाहेरच्या कोणाचा विश्वास बसत नाही. आपल्याकडचे लोक ब्रिटिश माप सांगतात. नायकेचा ब्रिटिश ९ म्हणजे अमेरिकी १०, आणि लांबी २८ सेंटिमीटर. आदिदासचा ब्रिटिश ९ मात्र अमेरिकी साडेनऊ धरला जातो आणि त्याची लांबी साडेसत्तावीस भरते. अर्ध्या सेंटिमीटरच्या या फरकापायी रोज दहा-बारा खोके माझ्या टेबलावर परत येत. गिऱ्हाइकाला वाटे कंपनीने चुकीचे माप पाठवले आणि आमच्या साहेबांना वाटे आम्ही चुकीचा खोका उचलला.

एक जोड मात्र मी विसरणार नाही. पांढरेशुभ्र बूट, खोका व्यवस्थित, बिल्ला जागेवर, सोबत "माप बसत नाही, घातलेले नाहीत" अशी चिठ्ठी. आमच्याकडे तळ उलटा करून दिव्याखाली पाहण्याचा नियम होता. उजव्या बुटाच्या तळाच्या खाचेत कुंकवाने रंगलेले तांदळाचे तीन दाणे रुतलेले होते. नवरदेव बोहल्यावर उभा राहून, अक्षता पायाखाली घेऊन, लग्न लागल्यावर बूट परत करत होता! मी ते दाणे टाचणीने काढून पर्यवेक्षकांना दाखवले; त्यांनी परतावा नाकारला, आणि नंतर त्या गृहस्थांनी दूरध्वनीवर आमच्याशी जो वाद घातला तो इथे लिहिण्याजोगा नाही.

टाचणी

अबोलीताई, त्या लग्नात करवल्यांनी बूट पळवले असणार आणि सोडवायला मोजलेले पैसे वसूल करण्यासाठीच नवरदेवांनी ते परत केले असणार, असा माझा तर्क आहे. कृष्णाकाठ, तुमच्या जोडाबद्दल मात्र मनापासून वाईट वाटले. आमच्या घरीही 'चांगले आहेत, ठेवणीतले आहेत' म्हणून जपलेल्या वस्तूंची गत अशीच होते.

माळशेज

मी न्यू जर्सीत तपासणीच्या टेबलावर होते. पतीच्या नोकरीमुळे इथे आले, काम करण्याची परवानगी हाती आल्यावर २०२१ मध्ये ही नोकरी लागली. नाशिकला असताना मी शिवणकामाचे वर्ग घेत असे, त्यामुळे टाके पाहण्याची सवय होती आणि मुलाखतीत बहुधा तीच कामी आली.

तपासणी म्हणजे काही गूढ विद्या नाही. खोक्यावरच्या चिठ्ठीतला क्रमांक आणि जिभेच्या आत शिवलेल्या छोट्या पट्टीवरचा क्रमांक एकच आहे ना, पट्टीवरची निर्मितीची तारीख त्या जोडाच्या बाजारात येण्याच्या काळाशी जुळते ना, टाचेवरचे टाके समान अंतरावर आहेत ना, आणि जांभळ्या दिव्याखाली वाटेल तिथे गोंद किंवा आखणीच्या रेघा चमकत नाहीत ना, हे पाहायचे. त्यानंतर नाक. बूट नाकाशी धरून वास घ्यायचा, कारण नकली मालाला बहुधा स्वस्त गोंदाचा उग्र दर्प असतो. घरी आल्यावर पहिले काही आठवडे मला फोडणीचा वाससुद्धा नीट येत नसे. हे सारे एका जोडामागे दोन मिनिटांच्या आत उरकावे लागे.

२०२१ नंतर नायकेच्या काळ्या-पांढऱ्या 'डंक' बुटाचे, ज्याला सगळे 'पांडा' म्हणत, इतके खोके आले की झोपेतही तेच दिसत. २५ ऑक्टोबर २०२२ रोजी आदिदासने गायक कान्ये वेस्टबरोबरचा 'यीझी' बुटांचा करार तोडला, तेव्हा आमच्या टेबलांवर त्या जोडांची रीघ लागली.

आता चूक सांगते. चीनच्या फूचिएन प्रांतातले पुतियान हे शहर नकली बुटांसाठी प्रसिद्ध आहे, आणि तिथला वरच्या दर्जाचा माल असा असतो की आमच्यातले अनुभवी लोकही एकमेकांना विचारत. मी पास केलेला एक जोड गिऱ्हाइकाने खोटा ठरवून परत पाठवला. मी तो पुन्हा हातात घेतला, पुन्हा सगळे तपासले आणि दुसऱ्यांदाही मला तो खराच वाटला. मग शेजारच्या टेबलावरच्या मुलाने अस्सल जोड शेजारी ठेवून टाचेचा उतार दाखवला. त्यात जेमतेम दोन दोऱ्यांचा फरक होता. त्यानंतर मी घाबरून अधिक जोड नापास करू लागले, तर वरिष्ठांनी वेग कमी झाल्याबद्दल समज दिली. डेट्रॉइटच्या स्टॉकएक्स या फेरविक्रीच्या कंपनीने २०२२ च्या अखेरीस आपल्या बिल्ल्यावरचा 'अस्सल' अशा अर्थाचा शब्द काढून 'पडताळलेले' अशा अर्थाचा शब्द आणला. त्याच वर्षी नायकेने त्या कंपनीवरच्या आपल्या दाव्यात नकली जोडांचाही मुद्दा जोडला होता. आमचे गोदाम वेगळे होते, पण ती बातमी वाचून आमच्या टेबलांवर कोणालाही आश्चर्य वाटले नाही.

सदाशिव_ते_स्कारबरो

माळशेजताई, मी तुमच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूचा, म्हणजे विक्रेता. टोरंटोत शिकताना मोजक्याच निघणाऱ्या जोडांच्या सोडतीत नाव लागले की जोड घ्यायचा आणि ॲपवर विकायचा, हा माझा जोडधंदा होता. 'पांडा'ने मला आधी दोन महिन्यांचे भाडे दिले आणि नंतर, नायके तो जोड पुन्हा पुन्हा बाजारात आणत गेल्यावर, माझ्या खोलीत सात खोके असे अडकवले की पलंगाखाली जागा उरली नाही. १९८५ मध्ये पहिला जॉर्डन ६५ डॉलरला मिळत होता हे तेव्हा कोणी सांगितले की माझा संताप होई.

एकदा माझा जोड खोक्याचा कोपरा चेपला म्हणून नापास झाला. कोपरा कुरिअरवाल्याने चेपला होता, बूट निष्कलंक होते, दंड मात्र मी भरला. तुम्हा मंडळींना त्यावेळी मी काय काय म्हणालो असेन याची कल्पना करावी आणि क्षमा करावी.

माळशेज

सदाशिवराव, क्षमा केली. खोक्याबद्दलचा नियम आम्ही केलेला नव्हता. गिऱ्हाईक खोक्याचेही पैसे मोजतो, असे आम्हाला सांगितले जाई. माझ्या पाळीत अखंड बूट आणि फाटका खोका यांच्यापेक्षा कोऱ्या खोक्यात डाग पडलेला बूट मला नापास करायला सोपा वाटे, कारण त्यात निदान कोणाला कारण सांगता येई.

प्रयोगवही

मी गोदामात काम केलेले नाही, परंतु डोंबिवलीत रसायनशास्त्र शिकवतो आणि मूळ प्रश्न माझ्या विषयातला आहे म्हणून लिहितो. कृष्णाकाठ यांच्या बुटाला वाळवी लागलेली नाही. त्या जोडाच्या मधल्या थरात पॉलियुरेथेनचा फेस असतो, आणि हवेतली आर्द्रता त्या फेसाच्या लांब साखळ्या हळूहळू तोडत जाते. याला जलअपघटन म्हणतात. वरून काहीही दिसत नाही, बूट नवा कोरा भासतो, आणि वजन पडताच भुगा होतो. आपल्याकडच्या दमट हवेत हे आणखी लवकर घडते. अनेक स्नीकरांत वापरला जाणारा ईव्हीए या दुसऱ्या प्लास्टिकचा फेस कालांतराने दबतो, कडक होतो, पण असा विरघळल्यासारखा फुटत नाही.

अबोली_ठाणे

सर, मग आम्ही खोक्यात जी सिलिका जेलची पुडी टाकत असू तिचा उपयोग होतो की नाही? आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये खालच्या मांडणीवरच्या खोक्यांना बुरशी येई म्हणून पुड्या दुप्पट केल्या होत्या.

प्रयोगवही

बुरशीपुरता उपयोग होतो, आणि तोही पुडी कोरडी असेपर्यंत. भिवंडीच्या पावसात ती काही दिवसांत पाणी पिऊन गप्प बसत असणार. पॉलियुरेथेनच्या बाबतीत ती झीज लांबवू शकेल, थांबवू शकणार नाही. वापरात असलेले बूट जास्त टिकतात असे जुने संग्राहक सांगतात.

लेस्टरकर

माझे लिखाण थोडके आहे. मी इंग्लंडमध्ये बुटांच्या गोदामात मांडण्यांवरून खोके काढण्याचे काम केले. हजारो हलके, मऊ, हवा भरलेले जोड चारही बाजूंनी रचलेले असत आणि आमच्या पायांत मात्र नियमानुसार पोलादी टोकाचे जड बूट. पाळी संपल्यावर मोबाईल मोजणी दाखवी : सव्वीस हजार पावले. घरी येऊन मी बादलीत कोमट पाणी आणि मीठ घालून पाय बुडवून बसे, आणि शेजारच्या खोलीतला गुजराती मुलगा रोज न चुकता विचारी की आज कोणता भारी जोड पाहिलास.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. प्रयोगवही सरांचे उत्तर आईला वाचून दाखवले. तिला वाळवी नाही एवढेच महत्त्वाचे वाटले. तळ गेला असला तरी बुटांचा वरचा भाग अजून शाबूत आहे, म्हणून काल तो येथल्या एका कारागिराकडे नेला. त्यांनी बोटाने उरलासुरला चुरा काढला, आतून शिवण उलटसुलट करून पाहिली, "कातडं चांगलं आहे, टायरचा तळ मारून देतो" असे म्हणाले आणि परवा यायला सांगितले. फाटक्या कोपऱ्याचा तो खोका रिकामा झाल्याबरोबर आईने त्यात पणत्या भरून माळ्यावर परत ठेवला आहे.