ऑक्सिजनवरच्या प्रत्येक रुग्णाला पालथं झोपवायचं का?

नाइटड्यूटी
मी मेडिसिन वॉर्डात सिस्टर आहे. गेल्या आठवड्यात फ्लूच्या न्यूमोनियाचे एक काका दाखल झाले, नाकातल्या नळीने चार लिटर ऑक्सिजन चालू. त्यांना पालथं झोपवायला मी उशा गोळा करत होते, तर नवे निवासी डॉक्टर म्हणाले, "राहू द्या सिस्टर, त्याने फरक पडत नाही." मला हे पटलेलं नाही, म्हणून धागा काढते आहे.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमध्ये ऑक्सिजनचे बेड मिळेनात, तेव्हा आमच्या हातात उशाच होत्या. रक्तातल्या ऑक्सिजनचा ८८ वर अडकलेला आकडा पालथं झाल्यावर थोड्या वेळात ९३-९४ वर जाताना मी कितीदा पाहिलाय. उताणं झोपलं की हृदयाचा आणि पोटाचा भार फुफ्फुसाच्या पाठीकडच्या भागावर येतो, तिथले वायुकोश मिटतात. रक्त मात्र तिथे भरपूर फिरत असतं. पालथं झालं की तो भाग उघडतो आणि त्या रक्ताला ऑक्सिजन मिळतो. ना खर्च, ना मशीन. मग थांबवायचं कशासाठी?

पल्सरेट
सिस्टर, आकडा चढतो हे मीही पाहिलंय. पण आकडा चढला म्हणून माणूस वाचला असं होत नाही.

पालथं झोपवण्याचा भक्कम पुरावा २०१३ च्या प्रोसेव्हा चाचणीतून आला, बहुतेक केंद्रं फ्रान्समधली. ४६६ रुग्ण, सगळे व्हेंटिलेटरवर, एका वेळी किमान १६ तास पालथे. २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्के होते ते १६ टक्क्यांवर आले. तिथे वादच नाही. पण तो रुग्ण गुंगीत असतो, त्याला मान दुखल्याचं कळत नाही. तुमचे काका जागे आहेत. अशा जाग्या, वॉर्डातल्या २४८ कोविड रुग्णांवर कॅनडा-अमेरिकेत चाचणी झाली, २०२२ मध्ये छापून आली. फायदा दिसला नाही आणि पुढे दिसण्याची चिन्हंही नव्हती, म्हणून ती मध्येच थांबवली.

नाइटड्यूटी
त्या चाचणीत पहिल्या ७२ तासांत रुग्ण पालथे किती वेळ होते, तेही सांगा ना डॉक्टर. साधारण ६ तास. म्हणजे दिवसाला दोन! गोळी गिळलीच नाही, तर ती लागू पडत नाही असं कसं म्हणायचं?

सहा देशांची एकत्र चाचणी बघा, २०२१ ची. हाय फ्लोवरचे, म्हणजे नाकातून मशीनने जोरात ऑक्सिजन द्यावा लागणारे, ११०० हून जास्त कोविड रुग्ण. व्हेंटिलेटरसाठी श्वासनलिकेत नळी टाकायची वेळ ४० टक्क्यांऐवजी ३३ टक्क्यांवर आली. आणि पालथ्या गटातले जे रोज आठ तास किंवा जास्त पालथे राहिले, त्यांच्यात उपचार फसण्याचं, म्हणजे नळी टाकावी लागण्याचं किंवा मृत्यूचं, प्रमाण १७ टक्के होतं. कमी वेळ राहिलेल्यांत ४८.

पल्सरेट
हाच १७ विरुद्ध ४८ चा आकडा सगळे तोंडावर फेकतात. आठ तास पालथं कोण राहू शकतं? ज्याला मुळात धाप कमी आहे तो. ते बरे होते म्हणून टिकले, की टिकले म्हणून बरे झाले, हे त्या आकड्यावरून कळत नाही. मृत्यूंमध्ये तिथेही ठाम फरक नव्हता, २१ आणि २४ टक्के. आणि ते हाय फ्लोवरचे रुग्ण, चार लिटरवरचे नव्हेत.

चिंचगूळ
मी डॉक्टर नाही. माझे बाबा दुसऱ्या लाटेत गेले. पोट मोठं, मणक्याचा त्रास, पालथं झालं की त्यांचा जीव घाबरा व्हायचा. राउंडला येणारा प्रत्येक जण रागवायचा, "झोपलात नाही तर व्हेंटिलेटर लागेल." शेवटच्या फोनवर ते मला म्हणाले, "मी रात्री उताणा झालो रे, माझंच चुकलं." आई अजून विचारते, ते ऐकले असते तर वाचले असते का? तुमचा वाद वाचून आज पहिल्यांदा तिला "नाही गं, तसं काही नव्हतं" असं सांगता येईल असं वाटतंय.

नाइटड्यूटी
दादा, आईंना नक्की सांगा. तुमच्या बाबांचं काहीही चुकलं नाही. तेव्हा सरकारने घरच्यांसाठी जी सूचना काढली होती, तिच्यातही लिहिलं होतं की सोसेल तितकंच करा आणि कूस बदलत राहा. रागवून हे होत नाही. आम्ही रागावलो, मीसुद्धा. पन्नास रुग्ण आणि दोन सिस्टर, समजावायला वेळच नव्हता.

भूलवाला
आयसीयूतून एक सांगतो. माझी भीती वेगळी आहे. पालथ्या रुग्णाचा आकडा ९४ दिसतो, सगळे निर्धास्त होतात, आणि इकडे त्याची छाती भात्यासारखी चालू असते. मग नळी टाकायला उशीर होतो. पालथं झोपवा, पण श्वास मोजा, मिनिटाला किती ते. नुसतं बोटावरच्या क्लिपकडे बघू नका. गरोदर बाई, मांडीचं किंवा कमरेचं हाड मोडलेला, नुकतीच पायात रक्ताची गाठ झालेला, यांना नकोच. जेवणानंतर तासभर तर कुणालाच नको.

पल्सरेट
पटलं. हाय फ्लोवरचा रुग्ण असेल तर मी स्वतः उशा लावायला उभा राहीन. चार लिटरवरच्या काकांसाठी मात्र ऑर्डर लिहिणार नाही, अजूनही.

नाइटड्यूटी
नका लिहू. मी काकांनाच विचारलं. पालथं नको म्हणाले, गुदमरतं. मग डाव्या कुशीवर वळवलं, पाठीला एक उशी, गुडघ्यांमध्ये एक. तीन तास शांत झोपले. श्वास २८ होते, पहाटे २२. चाचणीत हे बसणार नाही, माहीत आहे. पण आज रात्री पुन्हा विचारणार आहे.