दर मिनिटाला ईईप्रॉममध्ये (लाईट गेली तरी आकडा जपणाऱ्या मेमरीत) लिहिणं बंद करा, असं माझं मत. तुमचं काय?

तासगावची बाग
आमच्या द्राक्षबागेला ड्रिपचे पाच वॉल्व्ह आहेत. लाईट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून मी अर्डुइनो नॅनो या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डवर केलेला कंट्रोलर चालू वॉल्व्हची झालेली मिनिटं दर मिनिटाला चिपच्या आतल्या ईईप्रॉममध्ये लिहितो. लाईट आली की तिथून पुढं. पाच महिने छान चाललं. परवा रात्री लाईट गेली, आली, आणि तिसऱ्या वॉल्व्हची मिनिटं निघाली २५५! पाळी झाली समजून कंट्रोलर चौथ्यावर गेला. सकाळी तिसऱ्याच्या ओळी कोरड्या, त्यांच्या वाट्याचं विद्राव्य खतही चौथ्याला.

नॅनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपच्या डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) ईईप्रॉमला १ लाख वेळा लिहिण्याचा आकडा आहे. थ्री फेज ८ तास धरली तर दिवसाला ४८० वेळा, म्हणजे २०८ दिवसांत ती जागा संपली. सतत बदलणारा आकडा आत लिहूच नये, बाहेर एफरॅम, म्हणजे आकडा जपणारी वेगळी मेमरी चिप लावावी.

कुपवाड पॅनेलवाला
दादा, हिशोब बरोबर, पण दुखणं वेगळं आहे. पाच महिन्यांत ७२ हजारच झाले. बाइट (० ते २५५ मावणारी एक जागा) लिहिताना आधी पुसला जातो, पुसलेला बाइट २५५ दिसतो, मग नवा आकडा बसतो. हे सगळं साधारण ३.४ मिलिसेकंदांत. नेमकी तेव्हाच लाईट गेली असणार. त्याच जागी ३७ लिहा, सप्लाय काढा, दहा मिनिटांनी वाचा.

तासगावची बाग
आत्ताच बघितलं. ३७च आलं. जागा शाबूत आहे, मान्य. पण पाणी चुकायचं ते चुकलंच ना?

कराडचा विद्यार्थी
सर, त्यासाठी एफरॅम कशाला? १०२४ बाइट आहेत. ८-८ बाइटांच्या १२८ नोंदी करा: अनुक्रमांक, वॉल्व्ह, मिनिटं, सीआरसी (नोंद शुद्ध आहे का ते तपासायचा आकडा). दर वेळी पुढच्या जागी लिहायचं आणि सुरू होताना शेवटची शुद्ध नोंद घ्यायची. लाईट मध्येच गेली तर एखादं मिनिट जाईल, पाळी नाही. आणि २०८ दिवसांचे ७० वर्षांच्या वर होतात. 'अपडेट' (आकडा बदलला असेल तरच लिहिणारी आज्ञा) वापरून मात्र इथं काही वाचत नाही, मिनिटं दर वेळी बदलतातच.

कुपवाड पॅनेलवाला
दर मिनिटाला लिहायचंच कशाला? लाईट जाताना एकदाच लिहा. १२ व्होल्टच्या बाजूला चार्ज साठवायला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि तो चार्ज मागं जाऊ नये म्हणून त्याच्या आधी डायोड. वॉल्व्ह चालू-बंद करणारा रिले डायोडच्या अलीकडे, नाहीतर सगळा चार्ज तोच खाईल. बोर्ड २० मिलिअँपिअर घेत असेल तर १२ वरून ७ व्होल्टवर यायला पाव सेकंद मिळतो. आठ बाइटांना २७ मिलिसेकंद पुरतात. ब्राउनआउट (व्होल्टेज पडलं की चिप थांबवणारी सोय) चालू ठेवा, ते बंद असेल तर कुठलीच युक्ती टिकत नाही.

तासगावची बाग
भाऊ, स्टार्टरची पेटी पत्र्याच्या शेडमध्ये आहे, एप्रिलमध्ये हात लावता येत नाही. त्या उन्हात कपॅसिटर सुकत जातो, आणि तो सुकलाय हे कळणार पुन्हा ओळी कोरड्या पडल्यावरच. एफरॅममध्ये लिहायला थांबावं लागत नाही, आणि एमबी८५आरसी२५६व्ही ही एफरॅम चिप डेटाशीटप्रमाणे १ लाख कोटी वेळा लिहिता येते.

कराडचा विद्यार्थी
पण सर, दोन बाइटांच्या मध्ये लाईट गेली तर एफरॅममध्येही अर्धीच नोंद राहणार. सीआरसी तिथंही लागणारच.

तासगावची बाग
लागणार, हे पटलं. आज रात्री तुझ्या १२८ नोंदी आतच घालतो आणि पाळी चालू असताना वीस वेळा मेन स्विच पाडून बघतो. एकदा जरी चुकलं तरी एफरॅम बसवणार.