शब्दचर्चा : ओकिना आणि कहाको

प्रश्न : हवाईच्या ज्वालामुखी उद्यानाच्या पाटीवर इंग्रजी नावात शेवटच्या ‘आय’आधी उलटा स्वल्पविराम दिसतो. नकाशात राज्याच्या नावात तो बहुतेक नसतो. ही छपाईतली हौस का?

उत्तर : हौस नव्हे, अक्षर आहे ते. नाव ओकिना. हवाईयन वर्णमालेत 13 अक्षरे, त्यांत हे एक व्यंजन. नको म्हणताना आपण तोंडातल्या तोंडात ‘अं-अं’ करतो ना, तेव्हा मध्ये घसा क्षणभर बंद होतो; तोच हा वर्ण. जोडीला कहाको, म्हणजे दीर्घ स्वरावरची आडवी रेघ. या खुणा गाळल्या की घोटाळा. ‘को‘उ’ म्हणजे माझे, ‘कोउ’ म्हणजे तुझे. ‘मोआ’ म्हणजे कोंबडी, ‘मो‘आ’ म्हणजे शिजलेले. (कोंबडीला विचारा, फरक केवढा आहे.)

अमेरिकी संसदेने 2000 साली कायदा करून पाच उद्यानांची नावे शुद्ध केली. विधेयक मांडले सिनेटर डॅनियल अकाका यांनी; सिनेटमधले मूळ हवाईयन वंशाचे ते पहिले सदस्य. राज्याचे नाव मात्र 1959च्या राज्यप्रवेशाच्या कायद्यात ओकिनाविना आहे, तेच चालू आहे.

प्रतिप्रश्न : एवढ्याशा टिंबाला संसद कशाला? पाटी रंगवली की झाले.

उत्तर : या उद्यानांची नावे मुळात कायद्यातच लिहिलेली. त्या पाचांपैकी ‘सिटी ऑफ रेफ्यूज’ उद्यानाचे ‘पु‘उहोनुआ ओ होनाउनाउ’ झाले तेही 1978 साली कायद्यानेच. त्याच वर्षी हवाई राज्याच्या घटनेत हवाईयनला राजभाषेचा दर्जा मिळाला. गंमत अशी, की नाव आले पण खुणा गाळून, आणि त्यांना पुढे बावीस वर्षे लागली. आणि टिंब म्हणू नका. लोणावळ्याचे ‘लोनावला’ ऐकून आपण कसे कळवळतो!

प्रश्न : मग देवनागरीत कसे लिहायचे?

उत्तर : पाचांतल्या आणखी एका उद्यानाचे नाव आपल्याकडे सर्रास ‘हालेआकाला’ छापतात, म्हणजे इंग्रजी ‘ए’ दिसला की दिला काना. मुळात शेवटचा ‘ला’ तेवढा दीर्घ. हले म्हणजे घर, ला म्हणजे सूर्य. म्हणून ‘हलेअकला’ बरे. पण पु‘उकोहोला या पाचांतल्याच दुसऱ्या नावाशी आपली लिपी अडते. ‘कोहोला’त शेवटचा स्वर दीर्घ असेल तर देवमासा, ऱ्हस्व असेल तर उथळ खडकाळ किनारपट्टी. ऱ्हस्व दाखवायला ‘कोहोल’ लिहावे, तर मराठी माणूस ‘कोहोल्’ वाचणार.

सूचना : ओकिनासाठी अवग्रह वापरला तर?

उत्तर : नको. ‘काऽऽय’ म्हणायची सवय असलेला वाचक स्वर ताणेल, आणि इथे तर तो तोडायचा आहे. उलटा स्वल्पविरामच ठेवा. ‘हवाई’ रूढ आहे, राहू द्या. उद्यानाचे अधिकृत नाव देताना मात्र ‘हवइ‘इ’ लिहायला हरकत नसावी.