लेस्टरचं २०१५-१६चं विजेतेपद: पराक्रम की बाकीच्यांची घसरगुंडी?

खडूस गोली:
इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधला फुटबॉल क्लब लेस्टर सिटी म्हटलं की सगळ्यांचे डोळे पाणावतात. ते जिंकण्यावर सट्टेबाजांचा ५०००ला १ भाव, स्ट्रायकर व्हार्डीचे लागोपाठ ११ सामन्यांत गोल, बिचारे प्रशिक्षक रानिएरी... पण त्या मोसमात बाकीचे काय दिवे लावत होते तेही बघा की. गतविजेती चेल्सी थेट दहावी! मँचेस्टरचे दोन्ही संघ ६६ गुणांवर. लेस्टरने ८१ गुणांत लीग मारली. पुढच्याच वर्षी टॉटनहॅम ८६ गुण करूनही दुसरे राहिले. वासरांत लंगडी गाय शहाणी, दुसरं काय? या, तुटून पडा.

पेठेतला स्टॉपर:
लंगडी गाय ३८ सामन्यांत फक्त ३ हरते होय? २०१०-११ला मँचेस्टर युनायटेडने ८० गुणांत लीग जिंकली, तेव्हा कुणाला गाय आठवली नाही. व्हार्डीचं कौतुक सगळेच करतात भावा, पण आम्ही मागं खेळणारी माणसं मार्च बघतो. वॉटफर्ड १-०, न्यूकॅसल १-०, पॅलेस १-०, मग ३ एप्रिलला साउदम्प्टन १-०. चार सामने ओळीनं! अंगात दडपण असताना एका गोलवर दुकान चालवायचं म्हणजे खायचं काम नाही. बचावातले मॉर्गन आणि हूथ, दोघंही काही पळणारे गडी नव्हेत. पण जागा सोडायचे नाहीत, आणि पुढं मधल्या फळीत कान्टे सगळा केर आधीच काढून ठेवायचा.

गनरकाकू:
त्या ३ पराभवांपैकी २ आमच्या आर्सेनलने दिलेत, नोंद असावी. १४ फेब्रुवारीला भरपाईच्या वेळेत वेलबेकचा गोल झाला, अंतर २ गुणांवर आलं, आणि मी घरात पेढे वाटले. त्यानंतर लेस्टर एकदाही हरलं नाही. शेवटी आम्ही १० गुणांनी मागे. पेढे वाया.

खडूस गोली:
लेस्टरला युरोपातल्या स्पर्धांत खेळायचं नव्हतं, एफए कप ही बाद पद्धतीची स्पर्धा तिसऱ्याच फेरीत आटोपली. आठवडाभर आराम करून तेच अकरा जण उतरायचे. एवढी सवलत कुणाला मिळते?

पेठेतला स्टॉपर:
न्यूकॅसललाही युरोप नव्हता. ते त्याच मोसमात खालच्या डिव्हिजनला गेले. आराम करून लीग मिळत असती तर आमच्या गल्लीत चार ट्रॉफ्या असत्या.

स्पर्सग्रस्त:
वाद चालू द्या, पण २ मे २०१६ मी विसरलेलो नाही. चेल्सीच्या मैदानावर मध्यंतराला आम्ही, म्हणजे टॉटनहॅम (स्पर्स), २-० पुढे. मग चेल्सीचे गोल: आधी केहिल, मग ८३व्या मिनिटाला हॅझार्ड, २-२ बरोबरी, आणि लेस्टरला गाठायची आमची आशा संपली. आमच्या ९ जणांना पिवळं कार्ड, आणि लेस्टरवाले व्हार्डीच्या घरी टीव्हीसमोर बसून चॅम्पियन!

खडूस गोली:
बघा, मी म्हटलं ना, दुसऱ्यांनीच ताटात वाढलं.

स्पर्सग्रस्त:
वाढलं कसलं, जिंकलो असतो तरी ५ गुणांनी मागेच होतो. आणि स्टॉपरभाऊ, न्यूकॅसलचं नाव तेवढं काढू नका. आधीच खाली गेलेल्या त्या संघाने मोसमाच्या शेवटच्या दिवशी, १० जणांत, आम्हाला ५-१ हाणलं. आम्ही तिसरे, आर्सेनल दुसरं. काकूंचे पेढे दुसऱ्या नंबरवर तरी लागू पडले.