जुन्या मोटारसायकलचे प्लास्टिक पॅनेल: तुटलेल्या खुंट्या आणि तडे कसे दुरुस्त करावेत?

धंतोली_रायडर

नमस्कार मंडळी. वडिलांनी २००४ साली घेतलेली हिरो होंडा करिझ्मा आता मी चालवतो. इंजिनाची काहीही तक्रार नाही. मात्र गाडी वर्षानुवर्षे पश्चिमेकडे उघड्या असलेल्या पोर्चमध्ये उभी राहिल्यामुळे तिचे प्लास्टिक फार ठिसूळ झाले आहे. अलीकडे सर्व्हिसिंगच्या वेळी डावे साइड पॅनेल एका कोपऱ्याला धरून ओढले गेले आणि त्याच्या मागच्या दोन खुंट्या मुळापासून तुटल्या. फेअरिंगच्या, म्हणजे पुढच्या प्लास्टिकच्या आवरणाच्या, खालच्या स्क्रूच्या छिद्रापासून चार बोटे लांबीचा तडा गेला आहे, आणि मागच्या चाकावरच्या काळ्या मडगार्डलाही भेग आहे.

चौकशी केली तेव्हा कोणी एम-सील लावा म्हणाले, कोणी झटपट चिकटणारा गोंद सुचवला, तर कोणी सरळ फायबरचे नवे पॅनेल बसवून टाका असे सांगितले. पॅनेलवर मूळ रंग आणि मूळ स्टिकर अजून शाबूत असल्यामुळे ते टाकून द्यायला मन धजत नाही. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागण्यापूर्वी हे काम पूर्ण करायचे आहे. दुरुस्ती नेमकी कशी करावी, आणि उरलेले प्लास्टिक नागपूरच्या उन्हापासून कसे जपावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

हिंगणा_मोल्डिंग

कोणता गोंद, हा प्रश्न नंतरचा आहे. प्लास्टिक कोणते, हे आधी पाहायला हवे. पॅनेल उलटे करून आतली बाजू स्वच्छ पुसा आणि उजेडात तिरपे धरा. बहुतेक पॅनेलवर दोन कोनी चिन्हांच्या मध्ये ‘एबीएस’ किंवा ‘पीपी’ अशी इंग्रजी अक्षरे उठावात आढळतात. अक्षरे सापडली नाहीत तर आतल्या बाजूला, कोणाच्या नजरेस पडणार नाही अशा ठिकाणी, कापसाच्या बोळ्याने ॲसिटोनचा (प्लास्टिक विरघळवणाऱ्या द्रवाचा) एक थेंब घासा. जागा चिकट झाली आणि कापसाला रंग लागला तर ते एबीएस. काहीच फरक पडला नाही तर बहुधा पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. तुटलेला बारीक तुकडा हाताशी असेल तर तो पाण्यात टाकूनही पाहता येते. पीपी पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे तरंगते, एबीएस बुडते. तुमच्या वर्णनावरून साइड पॅनेल आणि फेअरिंग एबीएसचे आणि मडगार्ड पीपीचे असावे असे वाटते, पण खात्री करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

एबीएसमध्ये पॉलिब्युटाडाईन या रबराचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात आणि धक्का सोसण्याची ताकद त्यांच्यामुळेच येते. उन्हातील अतिनील किरण आणि हवेतील ऑक्सिजन मिळून नेमके हेच रबर खराब करतात, आणि आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात ही क्रिया आणखी वेगाने होते. पृष्ठभाग पांढुरका पडतो, त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात आणि ताण आला की तडा तिथूनच सुरू होतो. म्हणून रंग हे केवळ सौंदर्य नाही, ते एबीएसचे छत्र आहे. जिथे रंगाचा पोपडा निघाला असेल तिथे आधी लक्ष द्या.

आता खुंट्यांकडे वळू. तुटलेली खुंटी बहुतेक वेळा फ्रेमवरच्या रबरी ग्रोमेटमध्येच, म्हणजे खुंटी जिच्यात बसते त्या रबरी कडीतच, अडकून राहते. ती उपसून फेकून देऊ नका. ती तिथेच राहू द्या, तिच्या तुटलेल्या तोंडावर झटपट गोंदाचा एक थेंब लावा आणि पॅनेल त्याच्या जागेवर हळुवार टेकवून धरा. ग्रोमेटच खुंटीला योग्य कोनात धरून ठेवते, त्यामुळे मोजमाप करण्याची गरज पडत नाही. गोंद घट्ट झाल्यावर पॅनेल सरळ बाहेर काढा. हा जोड फक्त जागा निश्चित करण्यापुरता आहे, भार पेलण्यासाठी नाही. असा गोंद कडक होतो, पण थरथर आणि वाकणे त्याला सोसवत नाही.

खरी मजबुती एबीएसच्याच लेपाने येते. भंगारात गेलेल्या एबीएस पॅनेलचे बारीक तुकडे करून काचेच्या बरणीत टाका, ते बुडतील इतके ॲसिटोन ओता आणि धातूचे झाकण घट्ट लावून रात्रभर ठेवा. सकाळी ते काकवीइतके दाट झालेले असावे. पातळ वाटले तर आणखी तुकडे घाला. थर्माकोलचा किंवा चहाचा पातळ प्लास्टिक कप यासाठी वापरू नका, तो विरघळून जाईल. नखांच्या पॉलिशचे रिमूव्हरही चालत नाही, कारण त्यात पाणी, तेल व सुगंध मिसळलेले असतात. खुंटीच्या बुडाभोवतीचे प्लास्टिक १२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून घ्या आणि हा लेप पातळ थरांनी, एक वाळल्यावर दुसरा, असा उतरत्या कडेने चढवा. ॲसिटोन उडून गेल्यावर लेप आकसतो, म्हणून तो थोडा जास्तच भरावा लागतो. शेवटच्या थरानंतर निदान एक पूर्ण दिवस त्याला हात लावू नका. ॲसिटोनची वाफ फार लवकर पेट घेते, तेव्हा हे काम गॅसची शेगडी, देवापुढचा दिवा आणि चालू कूलर यांच्यापासून दूर, मोकळ्या हवेत करावे.

फेअरिंगच्या तड्यासाठी पहिले पाऊल वेगळे आहे. तडा दिसतो तिथे संपत नाही. त्याचे टोक नीट शोधून तिथे दोन-तीन मिलिमीटरचे छिद्र पाडा. टोकाशी एकवटणारा ताण छिद्राच्या गोल कडेवर पसरतो आणि तडा पुढे सरकत नाही. त्यानंतर आतल्या बाजूने तड्याच्या दोन्ही कडा घासून इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच करा, दोन्ही कडा बाहेरून चिकटपट्टीने एका पातळीत धरा, खाचेत लेप भरा आणि त्यावर बारीक स्टीलच्या जाळीची किंवा फायबर कापडाची पट्टी लेपातच बुडवून बसवा. बाहेरच्या रंगावर ॲसिटोनचा थेंबही पडू देऊ नका.

धंतोली_रायडर

मनःपूर्वक आभार. साइड पॅनेल आणि फेअरिंगवर एबीएस, मडगार्डवर पीपी अशीच अक्षरे निघाली. हाच लेप मडगार्डला चालणार नाही, हे लक्षात आले. मग तिथे काय करावे? तसेच स्क्रूच्या छिद्रातूनच पुन्हा तडा जाऊ नये यासाठी काही उपाय आहे का?

कामठी_रोड_गॅरेज

पीपीला ॲसिटोन विरघळवत नाही आणि एम-सीलसारखे साधे इपॉक्सीही त्याला धरून राहत नाही. काही दिवसांत सगळा थर पापुद्र्यासारखा निघून येतो. पीपीला वेल्डिंगच करावे लागते. हॉट एअर गन किंवा चपट्या टोकाचे सोल्डरिंग आयर्न घेऊन, पीपीचीच कांडी वितळवत, खाचेत भरावी. कांडी आणि मडगार्ड दोन्ही एकाच वेळी मऊ झाले पाहिजेत, नुसती कांडी वितळून वर बसली तर तो जोड नव्हे. काळपट धूर निघू लागला की उष्णता जास्त झाली असे समजावे. हातात सफाई नसेल तर भेगेच्या दोन्ही बाजूंना छिद्रे पाडून स्टीलच्या बारीक तारेने शिवून घ्यावे. मागच्या मडगार्डला ते शोभूनही जाते आणि टिकतेही.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो. पुढच्या मडगार्डला त्याच्या बोल्टपाशी तडा असेल तर दुरुस्तीच्या फंदात न पडता तो भाग बदलावा, कारण चालत्या गाडीत तो सुटून चाकात अडकला तर अपघात ठरलेला. फेअरिंग जोडल्यावरही हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून पाहावे, केबल किंवा वायर कुठेही दाबली जाता कामा नये.

स्क्रूच्या छिद्राविषयी सांगायचे तर मूळ जोडणीत स्क्रूभोवती धातूची छोटी नळी, म्हणजे कॉलर, आणि रबरी वॉशर असतो. जुन्या गाड्यांमध्ये या दोन्ही वस्तू कुठल्या तरी सर्व्हिसिंगमध्ये हरवलेल्या असतात आणि मग स्क्रू आवळला की सगळा दाब थेट प्लास्टिकवर येतो. कॉलर घाला, रुंद वॉशर लावा आणि स्क्रू बोटांनी घट्ट झाल्यावर फक्त थोडासा आवळा. स्क्रू सैल होतो म्हणून त्याला थ्रेड लॉकचे द्रव लावू नका. ते धातूसाठी असते आणि ताणाखालच्या एबीएसला चिरा पाडते. ब्रेक ऑइलचेही तसेच आहे. करिझ्माला पुढे डिस्क ब्रेक आहे, म्हणजे हँडलवरच्या टाकीतून एखादा थेंब गळला तर तो फेअरिंगवरच पडणार. पडलाच तर पुसत न बसता लगेच भरपूर पाण्याने धुवून टाका.

ग्रोमेट नवे घ्या. वीस वर्षांचे रबर लाकडासारखे कडक झालेले असते आणि खुंटी तुटण्याचे निम्मे कारण तेच असते. बसवताना खुंटीला साबणाचे पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस लावा, गाडीचे साधे ग्रीस लावू नका. पॅनेल काढताना खुंटीच्या अगदी जवळ आतून बोटे घाला आणि एकेक खुंटी सरळ रेषेत बाहेर ओढा. हिवाळ्याच्या सकाळी प्लास्टिक गारठलेले असते, तेव्हा थोडा वेळ उन्हात ठेवून किंवा गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने शेकून मगच हात घालावा. गॅरेजमध्ये गाडी देताना ही एक विनंती समोरच्याला स्पष्टपणे करा; त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

महाल_रंगकाम

रंगाबाबत थोडे लिहितो. जोडलेल्या जागी पत्र्यासाठीची साधी लांबी, म्हणजे पुट्टी, भरू नये. ती कडक असते आणि पॅनेल वाकले की केसासारख्या रेषेने फुटते. प्लास्टिकसाठी मिळणारी लवचीक लांबी अगदी पातळ भरा, ३२० आणि मग ६०० नंबरच्या कागदाने पाणी लावून घासा, आणि त्यावर प्लास्टिक प्रायमर मारा. उघड्या एबीएसवर प्रायमरचा ओला जाड हात मारला तर त्यातील थिनरने बारीक चिरा उमटतात, म्हणून पहिले दोन हात अंतरावरून, जवळजवळ कोरडेच द्यावेत. पीपीवर रंग द्यायचाच असेल तर आधी ॲडहिजन प्रमोटर, म्हणजे रंग धरून ठेवणारा अस्तराचा हात, लागतो. नाहीतर काळे मडगार्ड काळेच ठेवावे.

तुमचे स्टिकर चांगले आहेत, तेव्हा संपूर्ण फेअरिंग रंगवू नका असा माझा स्पष्ट सल्ला राहील. फक्त तड्याच्या जागेपुरता रंग जुळवून घ्या आणि नंतर सगळ्या पॅनेलवर, स्टिकरसकट, टू-के क्लिअर कोट, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक थर, मारून घ्या. त्यात अतिनील किरण शोषणारे घटक असतात आणि स्टिकरच्या कडाही त्याखाली बंद होतात. मात्र जुना स्टिकर क्लिअरखाली सुरकुततो की नाही, हे आधी एका कोपऱ्यावर पातळ हात मारून तपासावे.

फायबरचे पॅनेल वाईट असते असे नाही, परंतु त्याच्या खुंट्या व वळणे मूळ साच्याबरहुकूम क्वचितच असतात आणि ओढूनताणून बसवले की शेजारच्या पॅनेलवर ताण येतो. मूळ पॅनेल जोडण्याजोगे असताना ते घेऊ नये. पॅनेलचे तुकडेच उरले असतील तर गोष्ट वेगळी.

धंतोली_रायडर

सगळ्यांचा मी ऋणी आहे. ग्रोमेट आणि कॉलर आणायला उद्या निघतो. एक शेवटची शंका आहे: पोर्चला छप्पर आहे, पण दुपारनंतर ऊन तिरपे आत येते. ताडपत्री टाकली तर चालेल का?

महाल_रंगकाम

ताडपत्री नको. तिच्याखाली उष्णता आणि पावसाळ्यात ओल कोंडते, आणि वाऱ्याने ती हलत राहिली की तिच्यावरची धूळ रंग घासून काढते. हवा खेळणारे कापडी कव्हर घ्या, ते खालून पट्ट्याने बांधा आणि गाडी धुतलेली असतानाच घाला. गाडी नुकतीच आणली असेल तर इंजिन आणि सायलेन्सर थंड होऊ द्या. त्याहून सोपे म्हणजे पोर्चच्या पश्चिम बाजूला नर्सरीत वापरतात ती हिरवी जाळी बांधा आणि गाडीचा खराब झालेला डावा भाग भिंतीकडे येईल अशी उभी करा.