अपिलात सुटले म्हणजे लुटलंच नाही काय?

कास्तकाराचं पोरगं: परवा इथं एकानं लिहिलं, ‘हायकोर्टानं तिघांना सोडलं, न्याय झाला.’ तेव्हापासून डोकं फिरलं आहे. लुटला तो माझा सख्खा काका. कापूस विकून मोटरसायकलनं येत होता. नाल्याच्या पुलावर अडवलं, मानेवर इळा ठेवला, १ लाख ८४ हजारांची पिशवी नेली. सेशन कोर्टानं जबरी चोरीच्या ३९२, ३९७ कलमांखाली तिघांना सात वर्षं दिली. काकानं भर कोर्टात तिघांकडे बोट दाखवलं. आणखी कोणता पुरावा पाह्यजे?

तालुका वकील: निकाल वाचला. रात्र होती, तिघांच्या तोंडाला दुपट्टे होते. साक्षीदारानं आरोपी ओळखायची ओळख परेड अटकेनंतर ५३ दिवसांनी झाली आणि त्याआधी आरोपी ठाण्यात दाखवले होते, हे काकांनीच उलटतपासणीत सांगितलं. मग कोर्टातल्या बोटाला वजन कुठून येणार? जप्त झाले फक्त १२ हजार, नोटांचे नंबर कोणाजवळच नव्हते. आरोपीनं सांगून वस्तू काढून दिल्याच्या, म्हणजे कलम २७ च्या पंचनाम्याचे दोन्ही पंच फितूर. अशा पुराव्यावर माणूस आत ठेवता येत नाही.

कास्तकाराचं पोरगं: पंच पैसे खाऊन फिरले, साऱ्या गावाला माहीत आहे.

जुना पंच: तोंड सांभाळून बोल बाप्पा. मीही एका केसात पंच राह्यलो आहो. पानठेल्यावरून शिपायानं नेलं, म्हणे दोन सह्या कर, पाच मिनिटाचं काम आहे. कागद कोरा होता, वर फक्त गावाचं नाव. चार वर्षांनी समन्स आलं. सोयाबीन काढणीत सहा तारखांवर गेलो, कधी साहेब रजेवर, कधी वकील नाही. सातव्या तारखेले विचारलं, ‘चाकू कुठून काढून दिला?’ मी चाकू पाह्यलाच नव्हता. तेच सांगितलं, तर मले फितूर ठरवलं. आजही लोक मले विकलेला म्हणतात.

झेडपी गुरुजी: आम्हा मास्तरांनाही पंच म्हणून धरून नेतात. चालू वर्ग सोडून जावं लागतं. माझी एक साक्ष अजून झालेली नाही, बदली दुसऱ्या तालुक्यात झाली आहे.

जुना पंच: तुमचा पगार चालू असते गुरुजी. माझी मजुरी बुडाली, भत्ता अजून भेटला नाही.

वर्धेकर: पंचांचं पुरे झालं. ते तिघं पारधी बेड्यावरचे, म्हणजे पारध्यांच्या वस्तीतले, हे कोणीच काऊन बोलत नाही? चोरी झाली की पहिली गाडी बेड्यावर जाते. अशा जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा कायदा १९५२ मध्ये गेला, ठाण्यातली सवय गेली नाही. महाराष्ट्रातल्या २००३ च्या दरोडा आणि खुनाच्या खटल्यात भटक्या जमातीच्या सहा जणांना सुप्रीम कोर्टानं २००९ मध्ये फाशी दिली होती. २०१९ मध्ये त्याच कोर्टानं सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी ५ लाख द्यायला लावले. हल्ल्यातून वाचलेल्या बाईनं पोलिसांच्या फोटोंतून आधी दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं. त्या चौघांच्या मागे कोणी गेलंच नाही.

कास्तकाराचं पोरगं: आम्ही जात पाहून बोट दाखवलं, असं म्हणता? काकाच्या मानेवरचा वळ मी हातानं चाचपला आहे.

वर्धेकर: वळ खरा आहे, त्यावर माझा वाद नाही. तो यांनीच काढला, हे मले दाखव.

कास्तकाराचं पोरगं: परेड उशिरा झाली, हे मानतो. कोऱ्या कागदाचंही पटलं, पंचाबद्दल बोललो ते परत घेतो. पण त्या पैशात कृषी केंद्राची उधारी फेडायची होती, ती मी पुण्यात रात्रपाळी करून फेडतो आहे. सुप्रीम कोर्टात जायला ९० दिवस असतात ना?

तालुका वकील: निकालापासून ९० दिवस. पण पुरावा हाच राहील, नवा साक्षीदार उभा करता येणार नाही.

कास्तकाराचं पोरगं: काकाले सांगितलं. तो म्हणते, तरी जाऊ. निकालाच्या नकलेचा अर्ज टाकला आहे.